डबडेदादा

माझे चार दात शाबूत होते तेव्हाची गोष्ट. कॉम्प्युटरच्या दुकानात तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड शेजारच्या पॉवर सप्लायला म्हणालं, "ए डबड्या, गेम मी रंगवतो. तू नुसती वीज देतोस. तुला विचारतं कोण?"

तेवढ्यात शिकवण्या घेऊन पैसे साठवलेली जुई आली. दुकानदार मोठं कार्डच पुढं करत होता. पण पोरगी खमकी! तिनं आधी तो दणकट पॉवर सप्लाय उचलला आणि उरल्या पैशात एका पंख्याचं कार्ड घेतलं.

मोठं कार्ड खदाखदा हसलं. दुसऱ्या दिवशी एका दीडशहाण्यानं ते नेलं आणि स्वस्तातल्या सप्लायला जोडलं. आठवड्यात जळून ते दुकानात परत आलं. माउस घ्यायला आलेल्या जुईला त्या कार्डानं हळूच विचारलं, "आमचे डबडेदादा बरे आहेत ना?"