कासवाच्या पाठीवरचा कॅमेरा

महादेवाच्या देवस्थानाचे अध्यक्ष तात्यासाहेब मोहिते यांनी नवा डिजिटल कॅमेरा घेतला आणि आठवडाभरात त्याचे मेगापिक्सेल साऱ्या गावाला पाठ झाले. जत्रेच्या पत्रिकेवर देवाच्या मुखवट्याचा फोटो छापत. गुरवांची सून शरयू तो दरवर्षी आपल्या जुन्या, मुठीत मावणाऱ्या कॅमेऱ्याने काढी.

यंदा तात्यासाहेब सभामंडपात सर्वांदेखत म्हणाले, "आज दोघंही काढू. ज्याचा फोटो हलेल, त्याने पुन्हा गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवायचा नाही."

गाभाऱ्यात फ्लॅशला बंदी, उजेड काय तो दोन समयांचा. इतक्या कमी उजेडात कॅमेऱ्याला चित्र टिपायला वेळ लागतो आणि तेवढ्यात हात जरासा थरथरला तरी फोटो बिघडतो. तात्यासाहेबांनी श्वास रोखून सात फोटो काढले. सातही फोटोंत देवाला चार-चार डोळे आले.

शरयूने गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला नमस्कार केला. त्याच्या पाठीवर रुमालाची घडी ठेवून तिने वर कॅमेरा बसवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि हात जोडून मागे सरली. फोटोत मुखवट्याच्या मिशीचा केस न् केस दिसत होता.

तात्यासाहेबांनी तिचा कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. "माझ्या कॅमेऱ्यात नाही असं ह्यात आहे तरी काय?"

"काहीच नाही, तात्यासाहेब," शरयू म्हणाली. "हा कासवाने धरला होता. तुमचा तुम्ही."