खराडेसाहेबांच्या दारातला राउटर

दूध संघाच्या कचेरीपासून महामार्गापलीकडच्या शीतगृहापर्यंत इंटरनेटची फायबर तार पोहोचली आणि कार्यकारी संचालक खराडेसाहेबांनी उद्घाटन ठरवूनही टाकलं. राउटर मात्र त्यांनी फालतू खर्च म्हणून उडवून लावला होता. आता खाली मांडवात पाहुणे जमले, आणि पलीकडचा संगणक काही ओ देईना!

"तार सरळ आहे, मग अडतंय कुठं?" साहेब गरजले. "चालू करा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो!"

जोडणीचं काम घेतलेली शलाका बोंद्रे पुढं झाली. "साहेब, दोन्हीकडची सबनेट, म्हणजे संगणकांची जाळी, वेगळी, जशी दोन वेगळी गावं. कुणी कुठं जायचं हे सांगायला राउटर लागतोच."

"रस्ता असताना मध्यस्थ कशाला?"

शलाकाचे डोळे चमकले. दाराबाहेर साहेबांच्या भेटीला आलेल्यांची रांग होती. तिनं तिथं जाऊन साहेबांच्या स्वीय सहायकांना, मुळीकांना, चहाला पिटाळलं आणि ती परत आत आली. थोड्या वेळानं साहेबांनी रांगेतल्या पहिल्याला आत बोलवायला घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. कुणी हललं नाही.

"दार सताड उघडं, बाहेर एवढी माणसं, आणि आत कुणीच येत नाही?"

"मुळीक जागेवर नाहीत, साहेब. त्यांनी सोडल्याशिवाय आत यायचं नाही, हा नियम तुमचाच."

साहेबांनी दाराकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "राउटर आता आणणार कुठून?"

"गाडीत आहे!" म्हणत ती धावलीच.

जोडणी होताच पलीकडून उत्तर आलं. साहेब खुलले. "म्हणजे हे यंत्र आमच्या मुळीकांसारखंच!"

"अगदी तसंच, साहेब. फक्त हे कुणाला ताटकळत ठेवत नाही."

पहिली टाळी दाराबाहेरच्या रांगेतून आली.