पंचांची हद्द

फार जुन्या काळी, एका नदीकाठच्या नगरात पहारेकऱ्यांचा जुलूम फार वाढला होता. रयत रडत राजाकडे गेली. राजाने रयतेतलेच तीन पंच नेमले: म्हातारे पंतोजी, एक विणकर आणि येसू तेलीण. राजा म्हणाला, "पहारेकऱ्याने रयतेला छळलं, तर न्याय तुम्ही करायचा."

लवकरच एक कुंभार लंगडत पंचांपुढे आला. चौकीच्या नाईकाने त्याला फुकट मडकी मागितली होती आणि नाही म्हटल्यावर काठीने बडवलं होतं. नाईकाने साफ नाकारलं. तिथे हजर होता फक्त सुभान नावाचा पहारेकरी.

पंतोजी त्याला म्हणाले, "सुभान, जे पाहिलंस ते सांग. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत."

सुभानने क्षणभर नाईकाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "कुंभार खरं बोलतोय. मी पाहिलंय."

पंचांनी नाईकाला दंड केला. लोकांनी सुभानला डोक्यावर घेतलं. त्याच्या बायकोने शेजारीपाजारी गूळ वाटला.

लोक पांगले, तसं नाईकाने सुभानला चौकीत बोलावलं. "चौकीतलं बाहेर सांगतोस?" म्हणत सगळ्यांसमोर त्याची पगडी उतरवली आणि त्याला पागेत लीद काढायला लावलं. सोबतीही त्याच्याशी बोलेनासे झाले. पाण्याच्या घागरीला त्याने हात लावला, तर ते घागर ओतून टाकत.

सुभान पंचांकडे आला. "तुम्ही बोलावलंत म्हणून मी बोललो. आता मला वाचवा."

नाईकही आला होता. त्याने नम्रपणे हात जोडले. "पंचहो, हा रयत नाही, पहारेकरी आहे. माझ्या माणसाला कोणतं काम द्यायचं, हा आमच्या चौकीतला प्रश्न. राजाने तुम्हाला यात अधिकार दिलाय का?"

विणकर हळूच म्हणाला, "मुद्दा बरोबर आहे. रयतेचं गाऱ्हाणं आपलं. यांची आपापसातली भांडणं आपल्या हद्दीत येत नाहीत."

येसू उसळून उठली. "ही शिक्षा आपल्यापुढे खरं बोलल्याची आहे! ती आपली नाही तर कोणाची? निदान राजाला तरी विचारा!"

"हद्दीबाहेर गेलो, तर राजा आपलं पंचपदच काढून घेईल," पंतोजी म्हणाले. सुभानकडे न बघता त्यांनी सांगितलं, "बाळ, तुझ्यावर अन्याय झालाय. पण आमचा नाइलाज आहे."

सुभान बायकोला घेऊन नगर सोडून गेला. कुठे गेला, कोणालाच कळलं नाही.

पुढे उन्हाळ्यात नाईकाने एका कासाराला चौकीत नेलं. तो जिवंत परत आला नाही. त्याची बायको पंचांपुढे ऊर बडवत आली. या वेळी हद्दीचा प्रश्नच नव्हता. रयतेचा माणूस गेला होता.

पंचांनी चौकीतला एकेक पहारेकरी बोलावला. पहिला म्हणाला, "मी वेशीवर होतो." दुसरा म्हणाला, "मी काही पाहिलं नाही." एका तरुण पहारेकऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बोल," पंतोजी काकुळतीने म्हणाले. "आम्ही तुझ्या पाठीशी आहोत."

"सुभानलाही हेच सांगितलं होतंत," तो म्हणाला. "मीही काही पाहिलं नाही."

साक्षीदाराविना नाईक सुटला. जाताना त्याने पंचांना वाकून नमस्कार केला.

कासारीण तिथेच बसून राहिली. "आता मी कोणाकडे जाऊ?" तिने विचारलं. पंतोजी मान खाली घालून निघून गेले. त्यांच्यामागून विणकर गेला. येसू तिच्याजवळ जाऊन बसली.

तात्पर्य: खरं बोलणाऱ्याला जो न्याय एकटं सोडतो, त्याच्यापुढे पुन्हा कोणी खरं बोलायला येत नाही.