जातेबांध

हा जो बांध तुम्ही बघताय, त्याला आम्ही निंबखोरीचे लोक जातेबांध म्हणतो. उभं राहायचं तर कडेला राहा. आता उन्हाळ्यात पाणी खाली गेलंय, म्हणून मोरीच्या तोंडाशी तो गोल दगड दिसतोय. मधे भोक आहे, कडेला खुंट्याची खाच आहे. ते जातं आहे. तुम्ही सकाळी गावात विचारत होता ना, कुणी जुनी जाती विकतं का, हॉटेलच्या बागेत मांडायला हवीत म्हणून. कुणी नीट उत्तर दिलं नाही, त्याचा राग धरू नका. का दिलं नाही ते सांगतो.

माझ्या पणजोबांच्याही आधीची गोष्ट. त्या वेळी गावची पाटीलकी सुभानजीकडे होती. सुभानजी कुठंतरी मोठ्या गावी गेला होता, तिथं त्यानं पाण्यावर चालणारी चक्की पाहिली, आणि तशी चक्की आपल्या ओढ्यावर बसवायची असं त्याच्या मनानं घेतलं. चक्कीला पाणी पाहिजे, म्हणून बांध घालायला काढला. पावसाळा तोंडावर आला आणि दगड कमी पडले. तेव्हा त्यानं दवंडी पिटवली, की आता घरोघरी दळायची गरज नाही, सगळ्यांनी आपापली जाती बांधावर आणून टाकावीत.

गावात तेव्हा एकशे बारा उंबरे होते. खरं सांगायचं तर काही सुनांना बरंच वाटलं असेल. पहाटेपासून दळून ज्यांचे खांदे भरून यायचे, त्यांना मी दोष देणार नाही. पण विचारलं कुणाला? लेकीला आंदण म्हणून आलेली, सासूनं सुनेच्या हाती सोपवलेली, ज्यांच्यावर घरातल्या प्रत्येक लग्नाची हळद दळली गेली, ती जाती गड्यांनी स्वयंपाकघरातून उचलून नेली आणि चिखलात पालथी घातली. सुभानजीनं स्वतःच्या आजीचं जातंही ठेवलं नाही. ते सगळ्यात मोठं होतं, म्हणून मोरीच्या बुडाशी बसवलं. लोकांना दाखवायला, की बघा, मी माझ्या घरातलंही दिलं.

चक्की आठ-नऊ महिने चालली म्हणे. पुढं उन्हं तापली, ओढा आटला आणि चक्की थांबली. घरात ज्वारी भरलेली आणि दळायला जातं नाही. लोक घुगऱ्या शिजवून खाऊ लागले. म्हातारी माणसं आणि दात न आलेली पोरं उपाशी राहू लागली. सुभानजी म्हणाला, पाऊस येईपर्यंत कळ काढा.

त्याच दिवसांत हौसा टाकारीण गावात आली. जात्याचा दगड दळून दळून गुळगुळीत झाला की छिन्नीनं त्याला पुन्हा खरखरीत करावं लागतं, त्याला टाकी लावणं म्हणतात. हौसा चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात येऊन गावातल्या जात्यांना टाकी लावत असे. त्या वर्षी तिनं गल्लीतून हाळी दिली, तर एकही दार उघडलं नाही. शेवटी एका म्हातारीनं तिला काय झालं ते सांगितलं.

हौसा तडक इथं आली. सगळी जाती तिच्या ओळखीची. कुठलं कुणाचं, कुठल्याला कधी टाकी लावली, हे ती नुसता हात फिरवून सांगायची. त्यांच्यावरून आता बैल जात होते. ती खाली बसली आणि पहारीनं पहिलं जातं सैल करू लागली.

सुभानजी धावत आला. "बांध फोडतेस काय?"

"एक जातं काढीन तिथं एक दगड बसवीन," ती म्हणाली. "बांध तुमचा तुम्हाला राहील. ज्यांचं जातं त्यांना द्या."

"तू कोण सांगणारी? गावाबाहेरची बाई."

"दळायला टाकी लावलेल्या दगडावर पाय देत नाहीत, पाटील. हे तुम्हाला कुणीतरी घरात सांगायला हवं होतं."

सुभानजीनं तिची पहार, हातोडा, छिन्नी सगळं काढून घेतलं आणि बांधामागच्या तळ्याच्या गाळात फेकून दिलं. गाव उभं राहून बघत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही, हे आम्ही लपवत नाही. हौसानं तिथंच शपथ घेतली, की या बांधातलं शेवटचं जातं घरी जाईपर्यंत या गावचं पीठ तोंडात घालणार नाही.

मग ती मोकळ्या हातांनी समोरच्या त्या डोंगराकडं गेली. काळा खडक, सुरुंगाशिवाय फुटायचा नाही असा. तिनं त्याच्या कपारीत बोटं घातली आणि ओढलं, तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा एक दगड सुटून तिच्या हातात आला, असं सांगतात. शाळेतले गुरुजी म्हणतात की तो खडक मुळातच थरांचा आहे. असेल. पण त्याआधी तो तसा कुणी पाहिला नव्हता.

पहिला दगड तिनं एकटीनं आणला. दुसऱ्या दिवशी चार बायका आल्या, आठवड्यात सगळ्या आल्या. गड्यांनी मग मान खाली घालून जाती उचलली. हौसा एकेका जात्यावर हात ठेवी, घराचं नाव सांगे, आणि ते त्या घरी जाई. मृगाच्या तोंडावर एकशे अकरा जाती घरी पोचली. उरलं ते एक, मोरीच्या बुडातलं.

सुभानजीची बायको तानूबाई स्वतः पदर खोचून मोरीत उतरली. सुभानजीनं तिला सगळ्यांदेखत हाताला धरून बाहेर काढलं. "माझं मी दिलंय," तो म्हणाला. "दिलेलं मी परत घेत नाही." एका माणसाची मान वाकत नव्हती, एवढंच त्याचं कारण. दोन दिवसांत पाऊस आला आणि जातं पाण्याखाली गेलं.

त्याच पावसात चक्की वाहून गेली. हौसानं बसवलेल्या दगडांचा बांध हलला नाही. हौसाही गेली नाही. गावाच्या कडेला झोपडी घालून सात वर्षं राहिली, सगळ्या घरांच्या जात्यांना टाकी लावली, आणि घुगऱ्या खाऊन राहिली. बायका भाकरी घेऊन जायच्या, ती हात जोडायची. मरतानाही तिच्या तोंडात या गावचं पीठ गेलं नाही. मला या गोष्टीचा अजून संताप येतो.

पाटलांच्या घरात पुढं तीनदा नवं जातं आणलं म्हणे. तिन्ही वेळा पहिल्याच फेऱ्याला वरचा दगड तडकला. तेव्हापासून त्या घरात लग्न निघालं, की पाटलानं स्वतः हौसाच्या भाऊबंदांच्या, म्हणजे टाकाऱ्यांच्या दारात जाऊन हळदीसाठी जातं मागायचं, अशी चाल पडली.

गेल्या वर्षी माझ्या नातीच्या लग्नात तसं जातं मागायला मी गेलो होतो. हो, मी त्याच घरातला. टाकाऱ्यांच्या पारूबाईनं जातं पुसून दिलं आणि म्हणाली, "पाटील, मोरीतलं काढून का घेत नाही? त्या जागी दगड मी बसवून देते."

मी घरी येऊन मुलांना सांगितलं. थोरला म्हणाला, "राहू द्या आबा. ते बघायलाच तर लोक येतात, फोटो काढतात."

म्हणून आजही ते तिथंच आहे, आणि आजही आमच्या घरची हळद दुसऱ्याच्या जात्यावर दळली जाते.