हार्वेल रोची आखूड खिडकी

ब्रिस्टलमध्ये टेकडीच्या उतारावर हार्वेल रो नावाची अकरा घरांची ओळ आहे. जॉर्जियन काळातली, भिंतीला भिंत लागलेली, पिवळट दगडाची. पुढच्या पिढ्यांनी ती हवी तशी बदलली. कुणी वर मजला चढवला, कुणी दोन घरं एक केली, आणि सगळ्यांनीच पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांखालची भिंत फोडून त्या जमिनीपर्यंत उतरवल्या, पुढे लोखंडी बाल्कन्या लावल्या. फक्त सातव्या घराची मधली खिडकी आखूड राहिली आहे.

"पूर्वी खिडक्यांवर कर होता ना, म्हणून?" पाहुण्यांतलं कुणीतरी हमखास विचारतं.

"करासाठी अख्खी खिडकी बुजवायचे, अर्धी नाही," पन्नास वर्षं त्याच गल्लीत काढलेल्या सुलभामावशी रणदिवे म्हणतात. "ही चिमाबाईची खिडकी."

असं सांगतात की, दोनशे वर्षांपूर्वी खडकीच्या छावणीतून एक साहेब मडमेला आणि दीड वर्षाच्या लुसीला घेऊन इथे परतला. सोबत आया म्हणून चिमाबाई. स्वतःची लेक तिनं बहिणीपाशी ठेवली होती. चार मजले, अरुंद जिने, जागोजागी शेगड्या. असलं उभं घर तिनं कधी पाहिलं नव्हतं. पोर चालायला लागलेलं. चिमाबाईला सारखं वाटे, आता पडेल, आता भाजेल. मग तिनं गावाकडच्या बाया करतात तेच केलं. जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, एक टोक लुसीच्या कमरेला, दुसरं आपल्या कमरेला, आणि कामाला लागली.

त्याच सुमारास मडमेनं शेजारणींसारखी खिडकी उतरवायला काढली. भिंत फोडून झाली, पण बाल्कनी ओतशाळेतून यायची होती. तोवर गवंड्यानं त्या भगदाडावर ताडपत्री ताणली. खिडकी केवढी होणार ते दाखवायला मडमेनं मैत्रिणींना चहाला बोलावलं. लुसीची पट्टी पाहून त्या खदखदून हसल्या.

"अगं, तुझ्या घरात शेळी पाळलीयेस की मुलगी?"

मडम लालेलाल झाली. "सोड तिला, आया."

"बाईसाहेब, ते भोक बुजेपर्यंत तरी राहू द्या."

"सोड म्हटलं ना!"

चिमाबाईनं गाठ सोडली. पोरीचा हात मात्र घट्ट धरून ठेवला. मग कुणाला तरी शाल हवी झाली, आणि आणायला दुसरं कोण होतं? ती जिन्यापर्यंतच पोचली होती. लुसीला ती ताणलेली ताडपत्री भिंतच वाटली असणार. पोर तिला टेकलं, आणि ताडपत्रीसकट खाली रस्त्यावर गेलं.

चौकशीला अधिकारी आला तेव्हा मडम म्हणाली, "सोडायला मी सांगितलं." चिमाबाई म्हणाली, "गाठ मी सोडली." दोघींतली एकही मागे हटेना. अधिकारी कागद तसाच कोरा घेऊन गेला, म्हणे.

बाल्कनी आली ती दारातूनच परत गेली. मडमेनं भिंत पुन्हा बांधून घेतली, आधीपेक्षा वीतभर उंच. दगड चिमाबाईनं वाहिले. मग मडमेनं तिला जहाजात बसवून दिलं. खडकीला लेक धावत सामोरी आली, तेव्हा चिमाबाईनं आधी तिच्या कमरेला पदर बांधला आणि मगच तिला पोटाशी धरलं, असं सांगतात. हे इथे कुणी कळवलं, ते मात्र मावशींनाही सांगता येत नाही.

त्यानंतर घराचे मालक बदलले, मजल्यांचे फ्लॅट झाले, पण त्या भिंतीला कुणी हात लावला नाही. आजही हार्वेल रोमध्ये कुणाचं मूल पहिली पावलं टाकू लागलं, की शेजारची बाई सुती पट्टी घेऊन येते आणि ते पोर आईच्या कमरेला बांधून देते. शिकल्यासवरल्या आईला लाज वाटते, ती इकडेतिकडे बघते. तेव्हा ती बाई गाठ आवळता आवळता म्हणते, "हसू देत लोकांना."