उभीचा कुणगा

आषाढातली नवमी. सकाळचे दहा वाजले असावेत. पाऊस थांबलेला, ऊन नाही. कोळवटच्या मळ्यात, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडच्या बांधावर सगुणा नावाची एक विधवा येऊन उभी राहिली. तिच्यासमोरचा कुणगा, म्हणजे भाताचा वाफा, नांगरून चिखल करून तयार होता. त्यात लावायला तिच्याकडे एकही रोप नव्हतं.

या गोष्टीला दोनशे वर्षं झाली, असं सांगतात. तो कुणगा अजून आहे. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी माळावरून, खाली पाहिलं तर मळ्याच्या मधोमध हिरव्याच्या चार-पाच छटा असलेला एक तुकडा दिसतो. कुठे रोप उंच, कुठे बुटकं, कुठे जांभळट पानाचं. त्याला मालक नाही. गाव त्याला 'उभीचा कुणगा' म्हणतं. पाहायला येणाऱ्यांना भिकाजी मापारी तो दाखवतात. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. गेल्या वर्षी एका पाहुण्यानं कौतुकानं विचारलं, "म्हणजे उरलेली रोपं तुम्ही इथे दान करता?" भिकाजी त्याच्यावर उखडले. "उरलेला कोण इचारता? पयलो देतंव, पयलो!" मग बांधावर बसून त्यांनी लवू मापाऱ्याची गोष्ट सांगितली. लवू त्यांच्याच घरातला. म्हणून आपल्या माणसाला झाकायचं नाही, असा त्यांचा नेम आहे.

लवूचं काम बियाण्याच्या मापाचं. कोणत्या कुणग्याला किती बी लागेल हे तो माती चिमटीत धरून सांगे. लोक त्याच्या शब्दावर दाढ पेरत. दाढ म्हणजे तरवा, भाताची रोपं, तयार करायची जागा. लवूला एका गोष्टीची चीड होती, म्हणे. दरवर्षी लावणी संपली की बांधाबांधावर तरव्याच्या मुठी फेकलेल्या दिसायच्या. मुळं वर, पानं पिवळी, वास सुटलेला. हे सगळं कुणाच्या तरी पेजेतलं भात होतं, असं त्याला वाटे. त्यानं मापं आवळली. जिथे लोक अंदाजानं दोन पायली टाकत तिथे त्यानं पावणेदोन सांगितली आणि ती पुरली. गावात त्याचा शब्द चढला.

फक्त आबा खोत त्याला जुमानत नसे. पायलीच्या जागी दीड पायली पेरायची, ही त्या घरची रीत. लवूनं हटकलं तर खोत म्हणे, "उरलो तर ढोरां खातली. कमी पडलो तर मी कोणाच्या बांधार जाऊ?" मळ्यातले निम्मे कुणगे खोताचे, त्यातले दोन लवूच कसत होता. तो पुढे बोलत नसे.

त्या वर्षी ज्येष्ठात सगुणा बियाण्याची टोपली घेऊन लवूकडे आली. तिचा एकच कुणगा, पोरं दोन. लवूनं माप काढलं, वर मूठभरही सोडलं नाही. टोपलीत बी राहिलं होतं, ते तिच्याकडे सरकवत म्हणाला, "इतक्याच पेर. उरलेला कांडून पोरांक घाल." तिनं तसंच केलं. माप अचूक होतं. दाढ वीतभर उंच झाली आणि एका दुपारी व्हाळ फुगून ती मुळासकट घेऊन गेला. पुन्हा पेरायला घरात दाणा नव्हता. तो पोरांच्या पोटात गेला होता, लवूच्या सांगण्यावरून.

ती दुसऱ्याच सकाळी खोताच्या दाढीवर गेली. तिथे बायका तरवा उपटत होत्या, खोत छत्री टेकून उभा होता आणि लवू मुठी बांधत होता.

"आबानू," ती म्हणाली, "माझी दाढ व्हाळान न्हेली. तुमचो तरवो उरतलो, तो माका दिया. कापणीक मी फुकट येतंय."

"उरतलो ह्या तुका कोणी सांगितल्यान?" खोतानं विचारलं. मग हसून वळला. "मापारी असा मा हयसर. काय रे लवू, उरतलो?"

इथे एक गोष्ट ठाऊक असायला हवी. लावणीची शेवटची मूठ चिखलात जाईपर्यंत दाढीत 'उरलं' असं ठामपणे सांगायचं नाही, अशी त्या काळची रीत होती. सांगितलं तर भात कणसात भरत नाही, असं मानत. तरवा उपटायला सुरुवात झाली की मापाऱ्यानं तर मुळीच बोलायचं नाही. आणि खोताच्या दाढीवर नुसती नजर टाकूनच लवूनं ओळखलं होतं, इथे चारशे मुठी जास्त आहेत. सगुणेला साठ पुरल्या असत्या.

सगळ्या बायकांचे हात थांबले. लवूला आपले दोन कुणगे आठवले असतील, खोताचे डोळे दिसले असतील. तो मुठीची गाठ आवळत खाली बघून म्हणाला, "लावणी होयसर कसा सांगतलंय, आबानू?"

"ऐकलंस?" खोत म्हणाला. "रीत ती रीत. लावणी झाली की ये."

उपटणाऱ्या बायकांतली एक खोताला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटली, "मापाऱ्याची जीब खोताच्या चिखलात रुतली गे!" दोघीतिघी हसल्या. सगुणा हसली नाही, रडलीही नाही. ती सरळ आपल्या कुणग्याच्या बांधावर जाऊन उभी राहिली.

सोळा दिवस ती रोज सकाळी तिथे येई, म्हणे, आणि दिवेलागणीला घरी जाई. बांधाच्या ज्या जागी उभी राही ती बदलत नसे. पुन्हा तिनं कुणाला काही विचारलं नाही. लवू वाकून रोपं लावी, कंबर सरळ करायला उठला की ती समोर दिसे. मग तो कंबर सरळ करायचीच टाळू लागला. घरी बायकोनं एकदा ताट पुढे ठेवताना ऐकवलं, "तिच्या पोरांनी आज पेजेच्या निवळीवर दिस काढल्यानी. तुमका कायतरी बोलाक व्हया होता." लवूनं ताट सरकवलं आणि उठला.

तरव्याला वय असतं. तीन-चार आठवड्यांचा लावला तर फुटवे येतात. त्यापुढे दाढीतच राहिला की देठाला गाठ धरतो, आणि मग चिखलात नुसता उभा राहतो. सतराव्या दिवशी खोताची लावणी संपली. खोतानं निरोप धाडला, घेऊन जा. सगुणेनं एकटीनं साठ मुठी वाहून नेल्या, एकटीनं लावल्या. लवू पलीकडून बघत होता. तिच्या हातातलं प्रत्येक रोप गाठ धरलेलं आहे हे त्याला इतक्या लांबून दिसत होतं. बहुधा तिलाही कळत होतं. उरलेल्या तीनशे चाळीस मुठी तिच्या बांधापासून दहा पावलांवर कुजल्या.

आश्विनात तिच्या कुणग्यात गुडघाभर गवतासारखं काही आलं, कणसं पोकळ. कार्तिकात घर बंद दिसलं. ती पोरांना घेऊन घाटावर गेली म्हणतात. पुन्हा तिला कुणी पाहिलं नाही.

म्हणजे, लवूखेरीज कुणी.

पुढच्या आषाढात खोताच्या दाढीतली पहिली मूठ उपटली आणि लवूनं मान वर केली, तर ती बांधावर उभी होती. दिवसाढवळ्या. पदर तोच, जागा तीच. त्यानं शेजारणीला विचारलं, तिला काही दिसेना. तो धावत गेला तर बांधावर कुणी नाही, ओल्या मातीत दोन पावलं खोल रुतलेली आणि त्यांत पाणी साचत होतं. लावणी संपेपर्यंत रोज हेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. ती काही बोलत नसे, हात पुढे करत नसे. ती वाट बघत होती, आणि कशाची, हे लवूला पक्कं माहीत होतं.

तिसऱ्या वर्षी लवूनं खोताच्या दाढीतली पहिली मूठ स्वतः उपटली आणि ती हातात धरून साऱ्यांसमोर ओरडला, "तरवो उरतलो! साठ मुठी उरतलो! मी आजच सांगतंय!" बायका कानांवर हात ठेवून मागे सरल्या. खोतानं छत्री उगारली, शिव्या घातल्या, दोन्ही कुणगे काढून घेतो म्हणाला, आणि पुढे काढून घेतलेही. लवूनं साठ मुठी मोजून उपटल्या, सगुणेच्या पडीक कुणग्यात नेऊन लावल्या. शेवटचं रोप लावून तो उभा राहिला, कंबर सरळ केली. बांध मोकळा होता.

ऐकणाऱ्यांना इथे खोताचा निर्वंश हवा असतो. तसं काही झालं नाही. भिकाजी ते ठासून सांगतात. खोताचं भात त्या वर्षीही उत्तम आलं, तो पिकल्या वयात आपल्या खाटेवर मेला, आणि 'उरलं' म्हटल्यानं कुणाचं एक कणीसही पोकळ राहिलं नाही. भीती निघाली ती नुसत्या रीतीची, आणि ती रीत कुणाच्या सोयीची होती हे वेगळं सांगायला नको.

आजही कोळवटमध्ये तरवा उपटायच्या पहिल्याच सकाळी मापारी दाढीदाढीवरून फिरतो आणि कुणाचं किती जास्त आहे ते मोठ्यानं सांगतो. प्रत्येक दाढीतली पहिली मूठ उभीच्या कुणग्यात जाते, जास्तीचा तरवा ज्याची दाढ गेली असेल त्याच्या बांधावर त्याच दिवशी पोचतो. स्वतःची लावणी त्यानंतर. त्या कुणग्यातलं भात कुणी कापलं हे विचारायचं नाही.

आणि घाटाची पायवाटही आजही तीच आहे. ती गावाबाहेरून जात नाही, सात घरांच्या अंगणांतून जाते. कार्तिकातल्या त्या दिवशी दोन पोरांना घेऊन सगुणा याच सात अंगणांतून गेली असणार. एकाही अंगणातून तिला कुणी हाक मारली नाही.