सतरा एक

"त्या संख्येला कशानंच भाग जात नाही. म्हणून मठातल्या माणसानंही कुणाचं असायचं नाही. का, ते विचारायचं नाही."

ऋजुता मठात आली त्या दिवशी केवलानंद महाराजांनी तिला एवढंच सांगितलं होतं. बी.एस्सी. झालेली, लग्नावरून आईशी भांडून आलेली मुलगी. तेव्हा तिला ते पटलंही होतं.

संख्या सभामंडपाच्या भिंतीत कोरलेली होती. ओळीनं सतरा एक. शेजारी शेजारी उभे, कुणी कुणाला चिकटलेलं नाही.

रोज सकाळी प्रत्येकानं पाटी घ्यायची. त्या संख्येला पुढच्या आकड्यानं भागायचं, बाकी वहीत लिहायची. एकही आकडा गाळायचा नाही. सव्वाशे वर्षांत मठ सहा लाखांपर्यंत पोचला होता.

घरून आलेली पत्रं महाराजांच्या पेटीत पडत. न फोडता.

तीन वर्षांनी एका सकाळी ऋजुता पाटी घेऊन महाराजांपुढे बसली. बाजूला दामोदरबुवा आणि सखारामबुवा होते. दोघेही सत्तरीपलीकडचे.

"माझी पत्रं द्या."

"संख्या अविभाज्य आहे तोवर..."

"नाहीये ती."

तिनं पाटी त्यांच्याकडे फिरवली. वर २०७१७२३. खाली ५३६३२२२३५७.

"गुणाकार करा. भिंतीवरचीच संख्या येईल."

दामोदरबुवा हसले. "बाई, आम्ही अजून सहा लाखांत. तू वीस लाखांवर उडत गेलीस काय?"

"चौतिसाच्या पटीत एक मिळवला की जे आकडे येतात, तेवढेच तपासले. बाकीच्या कुणानं हिला भाग जाऊच शकत नाही. कॉलेजातलं गणित आहे, बुवा. तुमचे चौतिसातले तेहेतीस दिवस फुकट गेले."

"आकडे गाळलेस?"

"गाळले."

सखारामबुवांनी पाटी ओढून घेतली. पेन्सिल बराच वेळ करकरत राहिली. मग थांबली. उत्तरातल्या एकेका एकावर बोट ठेवून ते मोजत गेले.

"सतरा," ते म्हणाले.

मग भिंतीकडे बघत म्हणाले, "महाराज, आक्काची पत्रं यायची बंद झाली... त्याला किती वर्षं झाली?"

 महाराजांनी ओलं फडकं घेतलं आणि पाटी पुसून टाकली.

"तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत," ऋजुता म्हणाली.

"बघायची गरज नव्हती."



"कधीपासून माहीत आहे?"

"माझे वडील गेले त्या वर्षापासून. मीही आकडे गाळले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून जाणार कुठं होतो? वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं..."

बाहेर झाडून घेतल्याचा आवाज येत होता. तोही थांबला.

"राहू दे, पोरी. या वयात या दोघांना मी कुठं पाठवू? त्यांना रोज सकाळी उठायला एक आकडा लागतो." त्यांनी पुसलेली पाटी तिच्यापुढे सरकवली. "घे. पुढचा."

ऋजुतानं पाटीला हात लावला नाही.

ती उठली. पेटीपाशी गेली. पेटीला कुलूप नव्हतं. कधीच नव्हतं.

आईच्या अक्षरातली अकरा पत्रं तिनं काढून घेतली. तळाशी सुतळीनं बांधलेला एक पिवळा गठ्ठा होता, वर सखारामबुवांचं नाव. तो तिनं सखारामबुवांच्या मांडीवर ठेवला.

"बस खाली," महाराज म्हणाले. "पुढचा आकडा घे."

"नाही घेणार. बाकी शून्य आली, महाराज. पुढचा आकडा नसतो."

 सखारामबुवांची बोटं सुतळीच्या गाठीवर होती. महाराज पुसलेल्या पाटीकडे बघत राहिले.